सात विधवांची चटई

वाइसिना,
सोमवार, १६ मे १९९४

चि. इसाको यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेलेच्या पाठदुखीचं कसं आहे? मुलं आता एवढी मोठी झाली असतील की मी समोर उभी राहिले तरी ओळखायची नाहीत. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे घरावर छप्पर आहे आणि मी दोन वेळा जेवते. गेल्या वर्षी तारोच्या कंदपिकावर रोग पडला तो गेलाच नाही. केळी आणि नीरफणस, नीरफणस आणि केळी. परवा लेआसूच्या घरी कोणीतरी तुमच्या ऑकलंडहून बटाट्याचं पोतं आणलं, तर अर्धं गाव बघायला गेलं होतं. मी गेले नाही, पण वास आला.

आता कामाचं. आपल्या पाद्र्यांच्या कॉलेजला या जुलैत सव्वाशे वर्षं होतात, आणि त्यानिमित्त इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलंय. समिती नेमली. समितीत सात पुरुष आणि मी. ते सात जण बोलतात आणि मी लिहिते. माझा सोलोमोना वारल्यापासून त्याचे सगळे कागद माझ्याकडेच आहेत, जुन्या वह्या कुठल्या कपाटात आहेत तेही मलाच ठाऊक, म्हणून ही धोंड माझ्या गळ्यात. नको म्हणायची सोय नाही. प्राचार्य कोण आहे माहीत आहे ना? फिलेमोनी! रविवारच्या शाळेत ज्याचं नाक मी पुसायची तो. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलाय आणि आता त्याला 'खरा इतिहास' हवाय. दर बैठकीत तीनदा म्हणतो, काकू, काही लपवायचं नाही. मी म्हटलं, बरं बाबा.

पण खरा इतिहास म्हणजे काय, तर पाद्री डनबार यांचा हार्मोनियम होडीतून पाण्यात कसा पडला आणि कसा वर काढला, याला चार पानं. चार! आणि आपली जी माणसं इथे शिकून धर्मप्रचाराला पापुआला गेली आणि तिथे तापाने मेली, त्यांना अर्धं पान. त्यांच्या बायकांना तर तेही नाही. मी सगळ्या वह्या उपसल्या. एकीचंही नाव नाही. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची विधवा'. नवरे पुरून, पोरं पुरून त्या परत आल्या, चार वर्षं आपल्या विणकामघरात बसून केवड्याची पात दोऱ्याएवढी बारीक चिरून ती चटई विणली, आणि वहीत काय, तर 'विधवांकडून एक मोठी चटई मिळाली'. हे वाचून माझं डोकं उठलं. बैठकीत बोलले, तर लेआसू, तोही समितीत आहे, म्हणाला, वहिनी, नावं नाहीत तर आता कुठून आणायची?

चटईचा विषय आलाच आहे तर सांगते. त्यांना १९६१ चंही पान हवंय. चोरीचं.

तुला माहीत नसेल, ती पेटी अजून आहे. रिकामी. तू गेल्यावर तेव्हाच्या प्राचार्याने, डनबारने, एक पद्धत पाडली आणि तो गेला तरी पद्धत राहिली. दर फेब्रुवारीला नवी मुलं येतात, पहिल्या प्रार्थनेनंतर त्यांना पेटीसमोर उभं करतात, झाकण उघडतात आणि सांगतात की इथे सात विधवांची चटई होती, ती इसाको नावाच्या विद्यार्थ्याने चोरली. मग सगळ्यांना कोको मिळतो. तो कोको तेहतीस वर्षं मी करतेय. आता तेच पुस्तकात छापायचं, तुझ्या नावानिशी. मी म्हटलं, कशाला हवंय ते पान? तर लेआसू हसत म्हणाला, भाऊ तुमचा म्हणून का वहिनी? आणि फिलेमोनी म्हणाला, काकू, काही लपवायचं नाही.

म्हणून तू एक कर. दोन ओळी लिहून पाठव, तुझ्या शब्दांत, काय झालं ते. तुझीही बाजू येऊ दे. आणि एक बरासा फोटो. जूनअखेर पानं बंद होणार आहेत, तेव्हा नेहमीसारखं मौनव्रत धरून बसू नकोस.

तुझी ताई
फुआतीनो


वाइसिना,
गुरुवार, ९ जून १९९४

चि. इसाको,

आशीर्वाद आहेतच, पण आज रागाचेही आहेत.

पार्सल पोचलं. मटणाचे चार डबे, मेलेने पाठवलेला स्वेटर (इथे! स्वेटर!) आणि तुझा फोटो. कोट-टाय घालून अगदी बाबांसारखा दिसतोस, तेच कान. मी फोटो उलटा केला, आतलं कागदन् कागद झटकून पाहिलं, डब्यांवरची लेबलंसुद्धा काढून पाहिली. मी मागितल्या होत्या दोन ओळी, आणि तू फोटोमागे काय लिहिलंस? 'ताई, आहे ते असू दे. इकडे थंडी सुरू झाली.'

थंडी सुरू झाली! अरे, तेहतीस वर्षं तू मला हवामान सांगतोयस. नववर्षाला फोन करतोस, पाऊस आहे, वारा आहे, ऊन पडलंय, ठेवतो. मी काय मासेमारीला निघालेय?

'आहे ते असू दे' म्हणजे काय, विचार केलास का? तुझी पोरं ते पुस्तक वाचणार. त्यांची पोरं वाचणार. आजवर निदान तोंडी होतं, आज बोललं आणि कोकोबरोबर गिळलं. छापलं की झालं. तुला काहीच वाटत नाही? मला सांगू नकोस की वाटत नाही. मेले मला सांगून बसलीये की तिकडच्या चर्चमध्ये तू वीस वर्षं शेवटच्या बाकावर बसतोस आणि बायबल वाचायला पुढे बोलावलं तर चष्मा विसरलो म्हणतोस. तुझ्या वर्गात तुझ्याएवढं चांगलं वाचणारं कोणी नव्हतं. डनबारसुद्धा म्हणायचा.

तो दिवस मला विसरता येत नाही. स्थापनादिन. पांढरे कपडे घालून सगळे बसलोय, चटई पसरायला पेटी उघडली आणि आत काही नाही. डनबार आधी पांढरा झाला, मग लाल. म्हणाला, किल्ली विणकामघराच्या बायकांकडे असते. कोणी बोललं नाही तर त्या महिन्यात जिच्याकडे किल्ली होती तिला आणि तिच्या नवऱ्याला आजच्या आज सामान बांधावं लागेल. आणि तू उठलास. मुलांच्या रांगेतून, एकोणीस वर्षांचा, अंगावर माझ्याच हातचा शिवलेला शर्ट. 'मी नेली' म्हणालास. बस, एवढंच. कुठे नेली, कोणाला दिली, का नेली, काही नाही. डनबारने अर्धा तास विचारलं. तू आपला जमिनीकडे बघत उभा.

तुला कोणी सांगितलं होतं उठायला? सांग ना. कोणी? मी सांगितलं होतं?

एवढंच लिहून मी बाजारात जाऊन आले. डोकं शांत झालं नाही.

बाबांचं सांगते. आपल्या घरातल्या दोमानाच्या पायावरून त्या परगावच्या माणसाचा ट्रक गेला होता, आठवतं? त्याची सगळी माणसं आपल्या दारात डोक्यावर चटई पांघरून, मान खाली घालून माफीसाठी बसली होती. आईने दहादा सांगितलं, उचला आता, बायामाणसं आहेत. बाबांनी मुद्दाम दुपार केली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा उठले, गेले, आणि स्वतःच्या हाताने चटई उचलून त्या माणसाला आत घेतलं. जेवू घातलं. त्यानंतर त्याचं नाव कधी वाईट अर्थाने घेतलं नाही. परक्या माणसाची चटई बाबांनी उचलली. तुझ्यासाठी माफी मागायला मात्र त्यांच्या दारात कोणी जाऊन बसलंच नाही. ते वाट बघत होते, हे मला माहीत आहे. रोजच्या प्रार्थनेत आपल्या सगळ्यांची नावं घ्यायचे, तुझ्या नावाशी थांबायचे, आणि पुढे जायचे.

वारले त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "फुआ, पोरगा चांगला होता गं. त्याने का नेली असेल?"

मी म्हटलं, "झोपा बाबा."

पान बंद व्हायला तीन आठवडे आहेत. तू लिहीत नसलास तर मी काय करू ते तरी सांग. आणि हवामान नको.

ताई


वाइसिना,
शुक्रवार, २४ जून १९९४

इसाको,

हे पत्र बसून वाच. मेलेला चहा करायला सांग आणि तिलाही बसव. मला वाटतं तिलाही तू काही सांगितलेलं नाहीस.

चटई सापडली.

मंगळवारी दुपारी मी कार्यालयात हार्मोनियमची चार पानं कापून दीड करत बसले होते. सवाईई बेटावरून सेउमालो नावाचा एक म्हातारा आला. वक्ता आहे, समारंभात गावाच्या वतीने बोलणारा, ऐंशीच्या पुढचा, सागाच्या खोडासारखा. बरोबर दोन सुना आणि एक गुंडाळी. म्हणाला, स्थापनादिनाला आमचं गाव कॉलेजला एक चटई देणार आहे. सगळ्यात जुनी, सगळ्यात मानाची. देताना मला तिची कूळकथा म्हणायची आहे, कोणाकडून कोणाकडे आली ती, आणि त्यात एक जागा रिकामी आहे. तुम्ही इतिहास लिहिता असं कळलं, म्हणून तुम्हालाच विचारायला आलो. मग सुनांनी गुंडाळी उलगडली.

मी लगेच ओळखली. लाल पिसांची किनार थोडी झडलीये आणि एका कोपऱ्याला कोणीतरी नीट दुरुस्ती केलीये. पण हाताला तीच. रेशमासारखी. बाईने विणलेली वीण बाईचा हात विसरत नाही, आणि मी तर किल्ली माझ्याकडे असली की ती उन्हात घालायची.

म्हाताऱ्याने तिथेच कूळकथा म्हणायला सुरुवात केली. आधी विणणाऱ्या. 'फाआसेए, लिती, ओफिरा, मातेलिता, सानेला, तिमुआ, पुलोतू.' मी पेन शोधेपर्यंत त्याची सातही नावं म्हणून झाली होती. सव्वाशे वर्षांच्या आमच्या वह्यांत नाहीत ती नावं, इसाको, आणि हा माणूस ती गावोगाव विचारून पाठ म्हणतो, कारण चटई देताना म्हणावीच लागतात. मला हसावं की रडावं कळेना. त्याला पुन्हा म्हणायला लावली. मग तो पुढे गेला. 'मग ती कॉलेजात राहिली. मग ती एका म्हातारीच्या मयतीला निघाली. घेऊन आली तिची सून, कॉलेजात राहणारी. मग आमच्या गावाला मिळाली.' इथे थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ही सून कोण? नाव राहिलंय."

मी म्हटलं, विचारून सांगते.

विचारून सांगते! कोणाला विचारून? पंचावन्न वर्षांची बाई, पाद्र्याची विधवा, महिला मंडळाची अध्यक्ष, आणि त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघून मी 'विचारून सांगते' म्हणाले. त्याला कोको दिला आणि वाटेला लावलं.

आता लिहिते. सगळं. तू जाणतोस, पण मी कधी सांगितलं नाही, तेव्हा ऐकूनच घे.

सासूबाई वारल्या, मयतीला सुनेने माहेरच्या चटया न्यायच्या, तर तेव्हा बाबांकडे काही उरलं नव्हतं. महिन्याभरापूर्वीच काकांना सरदारकी मिळाली होती, घरातल्या सगळ्या चांगल्या चटया तिकडे गेल्या. माहेरून माझ्या वाट्याला आल्या दोन, त्याही जाड्याभरड्या. सासरच्या बायकांनी त्या बघितल्या. सोलोमोनाची मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, पाद्रीणबाई व्हायचंय म्हणे हिला, आणि आणलंय काय, खोबरं वाळवायची चटई? मी बावीस वर्षांची होते रे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किल्ली त्या महिन्यात माझ्याकडे होती.

मी चोरायला नव्हती नेली. शपथेवर सांगते. आपली पद्धत आहे ना, सुनेच्या माहेरची सगळ्यात मोठी चटई मिरवायची, सगळ्यांनी बघायची, आणि निघताना मान म्हणून तिचीच तिला परत द्यायची. मी त्याच हिशोबाने नेली. सकाळी न्यायची, संध्याकाळी आणून पेटीत ठेवायची, कोणाला कळायचंही नाही. तुला म्हटलं, कॉलेजने दिलीये, खांद्यावर घे. तू घेतलीस आणि गाणं म्हणत माझ्यापुढे चाललास. ती उलगडली तेव्हा मावशीचं तोंड बघायला हवं होतं, तूही बघितलंस. आणि मग सासरच्या वक्त्याला काय सुचलं देव जाणे. सवाईईचे पाहुणे मोठे होते, तो उठला आणि सगळ्यांसमोर चटई त्यांच्यापुढे टाकली. दिलेली चटई मागता येते का? मी तोंड उघडलं आणि मिटलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुला कळलं, कॉलेजने काही दिलीबिली नव्हती. परत येताना तू गाणं म्हटलं नाहीस.

स्थापनादिनाला तू उठलास. बहिणीला झाकायचं म्हणून उठलास, आणि मी झाकू दिलं. तुला फाटकापर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले होते, सोलोमोनाची दीक्षा होऊ दे ऑक्टोबरात, मग मी सांगते. तू म्हणालास, 'ताई, घाई नको.' ऑक्टोबर आला आणि गेला. मग मला दिवस गेले. मग सोलोमोनाला इथेच शिकवायला ठेवलं. मग म्हटलं, बाबा गेल्यावर सांगेन, त्यांना सहन होणार नाही. बाबा गेले. त्यांना काय सहन होत नव्हतं ते मी रोज बघत होते आणि तरी सांगितलं नाही. मग सोलोमोना गेल्यावर. सोलोमोनालाही माहीत नव्हतं, चटया मांडल्या तेव्हा तो थडग्यापाशी होता. माझ्या नवऱ्याने तीस वर्षं दर फेब्रुवारीला ती पेटी उघडून तुझं नाव सांगितलं आणि मी शेजारी कोकोची किटली धरून उभी.

आणि मला तुझाच राग येतो! याला काय म्हणावं? तू उठला नसतास तर मला उठावंच लागलं असतं, असं मी मनात तेहतीस वर्षं तुझ्याशी भांडतेय. तू 'घाई नको' का म्हणालास? 'सांगच' का नाही म्हणालास? तुझ्याकडून दोन ओळी मागवल्या त्या कशासाठी, माहीत आहे? तूच लिहावंस म्हणून. म्हणजे पुन्हा तूच उठायचं आणि मी बसून राहायचं.

आठ जुलैला सेउमालो सगळ्या गावासमोर ती कूळकथा म्हणणार आहे, आणि सुनेच्या जागी येऊन थांबणार आहे.

फुआ


वाइसिना,
सोमवार, ११ जुलै १९९४

इसाको,

तुझं उत्तर आलं नाही. थंडीचंसुद्धा नाही. बरोबर आहे, आता माझी पाळी.

आठ तारखेला पहाटेपासून माणसं. डुकरं भाजली, तारो नाही म्हणून केळीच केळी, आणि तुमच्याकडून आलेले दोन पाहुणे पाद्री छत्रीखाली घामाने निथळत बसलेले. फिलेमोनीचं भाषण झालं, त्यात 'खरा इतिहास' चारदा. मग सवाईईचे लोक चटई डोक्यावर उंच धरून मैदानात आले, आणि जुनी माणसं बघता बघता उठून उभी राहिली. त्यांनी ओळखली. लेआसू मोठ्याने म्हणाला, "अरे, ही तर इसाकोने नेलेली." मग काय, सगळीकडे तुझंच नाव. मुलं एकमेकांना कोपरं मारतायत, की पेटीवाल्या इसाकोची चटई ती हीच.

सेउमालोने काठी टेकली आणि सुरुवात केली. सात नावं आली. मग कॉलेज आलं. मग म्हातारीची मयत. मग तो थांबला आणि माझ्याकडे वळला. मी बायकांच्या पहिल्या रांगेत, अध्यक्षीणबाई, डोक्यावर मोठी पांढरी टोपी. मला वाटलं, आत्ता कोणीतरी उठेल. खरं सांगते, मी मुलांच्या रांगेकडे बघितलं.

कोणी उठलं नाही. तू ऑकलंडला होतास.

मी उठले. म्हणाले, "फुआतीनो. ती सून मी. इसाकोने चटई खांद्यावर घेतली ती मी खोटं सांगितलं म्हणून. चोरी माझी."

म्हाताऱ्याने मान हलवली, नाव कूळकथेत घातलं आणि पुढे चालू लागला, जणू त्याने कोणती वाट विचारली होती आणि मी सांगितली.

यापुढचं ऐकशील तर तुला हसू येईल. शनिवारी समितीची बैठक, पानं अजून बंद झालेली नव्हतीच. मी पान लिहून नेलं, अख्खं, माझ्या नावासकट. आणि तोच फिलेमोनी, तोच, काही लपवायचं नाहीवाला, चष्मा पुसत म्हणाला, काकू, इतक्या जुन्या गोष्टी, आता हे पान हवंच का? लेआसू म्हणाला, वहिनी, कॉलेजची अब्रू आहे, तुम्ही पाद्र्याची विधवा. मी त्यांना विचारलं, विद्यार्थ्याचं नाव तेहतीस वर्षं चाललं, मग माझं एक पान का चालत नाही? मग मी सांगितलं, पान काढलंत तर सगळ्या वह्या, सगळे कागद आणि हार्मोनियमसुद्धा मी घरी नेते, आणि मग लिहा तुम्ही सात जण खरा इतिहास. पान राहिलं. सात बायकांची सात नावंही राहिली, पहिल्याच पानावर. पुस्तक आता ख्रिसमसला निघालं तरी नशीब म्हणायचं, पण निघेल ते असं निघेल.

महिला मंडळाचं अध्यक्षपद गेलं. त्यांनी काढलं म्हणण्यापेक्षा त्यांनी विषय काढायच्या आत मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दोघी-तिघी रस्त्यात मान वळवतात. वळवू देत. काल रविवारी जेवायला एकटीच होते, तुझा मटणाचा डबा उघडला आणि सगळा खाल्ला. बाबांच्या थडग्यावर जाऊन आले. त्यांना सांगितलं. बराच वेळ लागला सांगायला, कारण मध्येच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात येईना.

आता मुख्य. मी येतेय. शुक्रवार, २२ तारखेचं विमान आहे, म्हणजे शनिवारी सकाळी तुझ्या दारात. विमानतळावर घ्यायला येऊ नकोस. मेलेचा भाऊ मला आणून सोडणार आहे, त्याला सांगितलंय. तू घरातच थांब.

मी तुझ्या दारासमोर बसणार आहे. डोक्यावर तीच चटई घेऊन. होय, माहीत आहे, बहिणीने भावापुढे असं बसल्याचं कोणी ऐकलेलं नाही. लेआसू म्हणाला, हे रीतीत बसत नाही. मी म्हटलं, बहिणीने भावाचं आयुष्य नेऊन सवाईईच्या पाहुण्यांपुढे टाकलं तेही कुठल्या रीतीत बसत होतं? तू त्या दिवशी मला झाकलंस, इसाको. पुन्हा झाकू नकोस. 'ताई, हे काय, उठ, आत ये, चहा घे' असलं काही धावत येऊन केलंस तर बघ. शेजारी बघतील म्हणून लाजू नकोस. बघू देत. पोरांना बाहेर बोलव आणि त्यांना सांग मी का बसलेय ते. तुला जमत नसेल तर मी चटईखालून सांगेन, माझा आवाज तुला माहीत आहे.

बाबांनी दुपार केली होती. तुझी तेहतीस वर्षं आहेत, तू हवी तर संध्याकाळ कर. पण गुडघे आता पूर्वीचे नाहीत आणि तुमच्याकडे थंडी आहे असं तूच सांगितलंयस, म्हणून मेलेने पाठवलेला स्वेटर आतून घालणार आहे. आणि उचलावीशी वाटली नाही तर उचलू नकोस. मी तशीच उठून विमानतळावर जाईन आणि तुला एक शब्द बोलणार नाही. हे मी रागाने लिहीत नाहीये. या एकाच गोष्टीत मला राग नाही.

चटई पेटीतून पंधरा दिवसांसाठी मागून घेतलीये. सगळ्यांसमोर मागितली, आणि वहीत सही केलीये: नेणार, फुआतीनो.

येतेय.

तुझी बहीण,
जिने ती नेली